पोरगी वयात आली म्हणून खेळ का थांबावा?



या वेळचा पाठ आपल्या घरातल्या ११ ते १८ वर्षांच्या लेकरांबद्दल आहे. दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र आहे, त्यामुळे बैठकीत आपण हिमोग्लोबिनची, गरोदर बाईच्या आहाराची, परसबागेची चर्चा करतो. पण आपली नववीतली लेक शेवटची कधी धावली, हा विषय सहसा निघत नाही. तो आज काढूया.

आज संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला गावातल्या मोकळ्या जागेकडे एक चक्कर मारा. कोण खेळतंय ते बघा. मुलग्यांचं क्रिकेट चाललेलं असेल. तिसरी-चौथीतल्या मुली पळापळी करत असतील. आता सातवीच्या पुढच्या मुली किती आहेत ते मोजा. बऱ्याच गावांत एका हाताची बोटंही जास्त होतील. मग त्या असतात कुठे? कुणी भांडी घासतेय, कुणी धाकट्याला सांभाळतेय, कुणी दाराआड मोबाईल घेऊन बसलीय. मुलग्यांकडेही नीट बघा. खेळणाऱ्यांपेक्षा पारावर मान खाली घालून मोबाईलवर गेम खेळणारे जास्त भरतील.

हे फक्त आपल्या गावात होतं असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ सालापर्यंतची अनेक देशांची माहिती एकत्र केली. त्यात दिसलं की ११ ते १७ वयाच्या दर १०० मुलांपैकी ८१ जणांची हालचाल पुरेशी होत नाही. मुलींमध्ये हा आकडा ८५ आहे, मुलग्यांमध्ये ७८. म्हणजे दोघंही मागे आहेत, पण मुली जास्त मागे आहेत.

किती हालचाल पुरेशी?

५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी एक तास तरी अंगमेहनतीची हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातले आठवड्यातले किमान तीन दिवस जोरात दम लागेल असं आणि हाडं-स्नायू बळकट होतील असं काही हवं. धावणं, दोरीवरच्या उड्या, खो-खो, कबड्डी, झाडावर चढणं, हे सगळं त्यात आलं.

हा तास सलग हवा असं नाही. सकाळी शाळेत झपाझप चालत जाणं २० मिनिटं, येताना २० आणि संध्याकाळी २० मिनिटं खेळ, असं जोडूनही चालतं.

हालचाल पुरेशी होते का, ते ओळखायला घड्याळ किंवा यंत्र लागत नाही. चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तर ती मध्यम हालचाल. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागतंय, तर ती जोराची. आणि आरामात गाणं गुणगुणता येत असेल, तर ती हालचाल अजून हलकीच आहे.

"पण ती दिवसभर राबतेच की!"

ही शंका प्रत्येक गटात निघेल, आणि ती बरोबरही आहे. जी मुलगी विहिरीवरून पाणी आणते, डोक्यावर सरपण आणते, सुट्टीच्या दिवशी कापूस वेचायला जाते, तिच्या अंगाला मेहनत आहेच. तिला आणखी चार फेऱ्या मारायला लावू नका. तिला आधी पोटभर जेवण, झोप आणि थोडी मोकळीक हवी. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर आईबापाबरोबर गेलेल्या मुलीची पहिली गरज शाळा आणि विश्रांती ही आहे.

पण सगळं घरकाम म्हणजे व्यायाम नव्हे. भांडी घासणं, भाकरी थापणं, भाजी निवडणं ही कामं बसून किंवा एका जागी उभं राहून होतात. त्यात वेळ जातो, पाठ भरून येते, पण दम लागत नाही. शिवाय कामाने शरीर थकतं तसं मनही थकतं. खेळाने शरीर थकलं तरी मन हलकं होतं. कामात मुलगी एकटी असते. खेळात मैत्रिणी असतात, हसणं असतं, हरणं-जिंकणं असतं. म्हणून "घरात काम आहेच की" हे खेळ बंद करायचं कारण होऊ शकत नाही.

हाडांचं बचत खातं

बचतीचं महत्त्व आपल्याला कुणी सांगायला नको. हाडांचंही असंच एक खातं असतं, फक्त त्यात भरणा करायची मुदत लहान असते. मुलींच्या हाडांचा सुमारे ९० टक्के साठा अठरा वर्षांपर्यंत तयार होतो. मुलग्यांना त्यासाठी साधारण वीस वर्षं मिळतात. तिशीनंतर हळूहळू काढणं सुरू होतं आणि बाईची पाळी गेल्यावर तर हा साठा झपाट्याने कमी होतो. साठीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलेल्या आज्या आपण पाहिल्या आहेत. त्या दुखण्यामागे बऱ्याच वेळा हाडांचा अपुरा साठा असतो.

हा भरणा दोन गोष्टींनी होतो. एक आहार: दूध, ताक, नाचणी, तीळ, हिरव्या पालेभाज्या, डाळी. दुसरी गोष्ट म्हणजे हाडांवर पडणारा भार. उडी मारली, धावलं, की हाडाला धक्का बसतो आणि ते स्वतःला घट्ट करतं. शिवाय उन्हात खेळल्याने अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं, त्यामुळे आहारातलं कॅल्शियम हाडांपर्यंत पोहोचतं. म्हणजे वयात आल्याबरोबर मुलीचा खेळ बंद करणं म्हणजे भरण्याच्या ऐन वर्षांत हप्ता थांबवणं.

खेळण्याचे फायदे लगेच दिसणारेही आहेत. झोप चांगली लागते, चिडचिड कमी होते, अभ्यासात लक्ष लागतं. दहावीचं वर्ष आलं की आपण पहिल्यांदा खेळ बंद करतो. पण संध्याकाळी एक तास खेळून आलेलं मूल रात्री पुस्तकापुढे जास्त ताजंतवानं बसतं.

पाळी, लग्न आणि "लोक काय म्हणतील"

मुलीचा खेळ थांबतो तो बहुतेक वेळा पाळी आल्यावर. कुणी सांगतं, उड्या मारल्या तर गर्भाशय सरकतं. हे खरं नाही. गर्भाशय पोटात आतल्या बाजूला भक्कम बांधलेलं असतं, खेळण्याने ते हलत नाही. पाळीच्या दिवसांतही खेळायला हरकत नसते. उलट चालण्याने, हलक्या व्यायामाने अनेक मुलींचं पोटाचं दुखणं कमी होतं. फार दुखत असेल, रक्तस्राव जास्त असेल, तर त्या दिवशी तिने आराम करावा. खेळायचं की नाही ते तिचं तिने ठरवू द्या.

दुसरी अडचण मुली आपल्याला सांगत नाहीत. छाती वाढू लागली की पळताना अवघडल्यासारखं होतं, आणि बघणारे बघतात. मग ती "मला खेळायला आवडत नाही" एवढंच म्हणते. बाजाराच्या दिवशी तिला अंगाला नीट बसणारे आतले कपडे घेऊन द्या. वर सैल टी-शर्ट आणि ट्रॅक पँट, नाहीतर सलवार-कुर्ता आणि ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. याने बराच फरक पडतो.

"पोरगी उन्हात काळी पडेल, मग लग्न कसं जमायचं," असं घरातली वडीलधारी म्हणतात. त्यांच्याशी भांडू नका. त्यांना नावं सांगा. कविता राऊत नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची आदिवासी मुलगी. २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात तिने कांस्यपदक मिळवलं. ललिता बाबर साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची, दुष्काळी भागातली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिने ३,००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठली. धाराशिवची सारिका काळे खो-खो खेळून २०२० साली अर्जुन पुरस्काराची मानकरी झाली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तो जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे महाराष्ट्राचीच.

आपली प्रत्येक मुलगी अशी खेळाडू व्हावी, हा हेतू नाही. पण गावातली मुलगी मैदानात गेली म्हणून घराची अब्रू जात नाही, एवढं या नावांवरून घरच्यांना पटतं.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. पोलीस शिपाई भरतीत ५० गुणांची मैदानी चाचणी असते. मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावणं, शिवाय गोळाफेक. सहावी-सातवीत पळणं सोडलेल्या मुलीने अठराव्या वर्षी दोन महिन्यांत ही तयारी करायची म्हटलं तर पाय सुजतात, नडगी दुखते आणि हिंमत खचते. रोज खेळत राहिलेल्या मुलीला तीच तयारी सोपी जाते.

सांगून का ऐकत नाहीत?

तेरा-चौदाव्या वर्षी मूल स्वतःचं मत दाखवू लागतं. हुकूम सोडला की मुद्दाम उलटं वागतं. "मोठेपणी आजार होतील" असं सांगितलं तर त्याला ते पटत नाही, कारण मोठेपण त्याला फार लांब वाटतं. त्याला आजची मजा, आजची सोबत आणि स्वतः निवडल्याचं समाधान हवं असतं. म्हणून आपलं बोलणं थोडं बदलूया.

• "सारखं मोबाईलमध्ये डोकं! ऊठ, पळायला जा" असं आपण म्हणतो. त्याऐवजी म्हणून बघा, "मी वैरणीला चाललेय, येतेस का? येताना पाटाच्या कडेनं येऊ." सोबत चालताना लेकी कितीतरी बोलतात, जे घरात बसून बोलत नाहीत.

• "किती जाड झालीस!" किंवा "नुसती काडी झालीस!" हे बोलणं कायमचं बंद करा. अंगाबद्दल टोमणा मारला की मुलगी लोकांपुढे पळायला लाजते. त्याऐवजी विचारा, "दोरीच्या उड्या किती झाल्या? चाळीस? परवा तीसच होत्या की!"

• "शेजारच्या पोरीकडं बघ" नको. "तुला काय आवडेल, खो-खो का सायकल? वार तू ठरव," असं विचारा. जे तिने निवडलं ते टिकतं.

• "आधी अभ्यास, मग खेळ" म्हटलं की खेळाची पाळी कधीच येत नाही. "साडेपाच ते साडेसहा खेळून ये, मग हातपाय धुऊन अभ्यासाला बस," असं वेळ ठरवून सांगा.

शिक्षा म्हणून उठाबशा किंवा मैदानाला फेऱ्या मारायला लावू नका. व्यायाम म्हणजे शिक्षा असं एकदा मनात बसलं की ते निघत नाही. आणि मोबाईल हिसकावून घेण्यापेक्षा सगळ्यांसाठी एकच नियम करा: रात्री नऊनंतर घरातले सगळे मोबाईल एका जागी चार्जिंगला, त्यात बाबांचाही आणि आपलाही. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. रात्री बारापर्यंत मोबाईल पाहणारं मूल दुसऱ्या दिवशी खेळायला उठणार नाही.

घरी तीन गोष्टी हव्यात: वेळ, जागा, सोबत

मुलीला खेळाचं महत्त्व आपण कितीही सांगितलं, तरी तिच्या हातात या तीन गोष्टी नसतील तर ती काय करणार? आणि या तिन्ही गोष्टी एकट्या आईला देणं अवघड जातं. गटाला ते जमतं.

वेळ: गटात ठराव करा की आपल्या सगळ्यांच्या मुलींना संध्याकाळचा एक तास घरकामातून मोकळीक. मग प्रश्न येतो, त्या तासातलं काम कोण करणार? ते आईच्याच अंगावर पडलं तर पंधरा दिवसांत सगळं बंद होईल, कारण आई आधीच दमलेली असते. म्हणून घरात कामाची वाटणी करा. भांडी भावाने घासली, पाणी बाबांनी भरलं, तर काही बिघडत नाही. ज्या घरी सासूबाईंना हे पटत नाही, तिथे गटातल्या दोघी-तिघी जाऊन बोलल्या की फरक पडतो. कर्जाच्या परतफेडीसाठी आपण एकमेकींच्या दारात जातोच ना?

जागा: जिल्हा परिषद शाळेचं मैदान संध्याकाळी रिकामंच असतं. शाळा व्यवस्थापन समितीत पालक जास्त असतात आणि निम्म्या महिला असाव्यात असा नियम आहे. म्हणजे आपल्यापैकी कुणी ना कुणी तिथे आहे. समितीत विषय मांडा आणि मुख्याध्यापकांकडे अर्ज द्या. मुलग्यांचं क्रिकेट तिथे चालत असेल तर वार वाटून घ्या किंवा मैदानाचा एक भाग मुलींसाठी आखून घ्या. ग्रामसभेआधी होणाऱ्या महिला सभेत मैदानावरचा दिवा, दोरी, चेंडू, खो-खोचे खांब यांची मागणी नोंदवा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातून ही मागणी करता येते. ठराव लेखी घ्या, प्रत ग्रामसंघाच्या फाईलला लावा.

सोबत: मुली एकट्या जात नाहीत आणि आपणही पाठवत नाही. म्हणून पाळीपाळीने दोघी सभासदांनी मैदानाच्या कडेला बसायचं. दहा जणींच्या गटात प्रत्येकीची पाळी आठवड्यातून जेमतेम एकदा-दोनदा येईल. मोठी माणसं बसलेली दिसली की टवाळखोर पोरं लांब राहतात. नुसतं बसण्यापेक्षा आपणही चार फेऱ्या मारल्या तर मुलींना जास्त मजा येते आणि आपल्या गुडघ्यांनाही बरं वाटतं.

खर्च नसलेले खेळ

खो-खोत एका संघाच्या नऊ मुली मैदानात उतरतात. दोन खांब आणि सपाट जमीन एवढंच लागतं. मुली कमी असतील तर ओळ छोटी करा. कबड्डी, लंगडी, लगोरी, विटीदांडू, आट्यापाट्या यांना तर काहीच लागत नाही. ज्यांना स्पर्धा आवडत नाही त्यांच्यासाठी दोरीवरच्या उड्या, लेझीम, सूर्यनमस्कार आहेत.

आणि आपल्या मंगळागौरीला विसरू नका. झिम्मा, फुगडी, बसफुगडी, पिंगा घालताना चांगलाच दम लागतो. श्रावणात एक रात्र खेळतो, तेच खेळ वर्षभर आठवड्यातून एकदा खेळले तर? आज्यांना मुलींना शिकवायला बोलवा. जी आजी "मैदानात जाऊ नको" म्हणते, तीच फुगडीला आधी उठेल.

सायकलबद्दलही बोलूया. मानव विकास कार्यक्रमात येणाऱ्या तालुक्यांत शाळेपासून लांब राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी मदत मिळते. ती सायकल मुलीच्या नावावर आणि फिरवणारा भाऊ, असं आपल्या घरी होत नाही ना, ते बघा.

पावसाळ्यात समाजमंदिर किंवा शाळेचा व्हरांडा वापरा. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर खेळा. अपंग मूल असेल तर त्याला बाजूला बसवून टाळ्या वाजवायला लावू नका. चेंडू फेकणं, नेम धरणं, बसून खेळायचे खेळ यात त्याला घ्या.

मुलग्यांसाठी दोन शब्द

मुलग्यांना मैदान मिळतं म्हणून ते सगळे खेळतात असं नाही. ज्याला क्रिकेट जमत नाही, ज्याला पोरं चिडवतात, तो घरात मोबाईलवर बसतो. त्याला सायकल, पोहणं, कुस्ती, धावणं असा दुसरा मार्ग दाखवा. पोहायला मात्र विहिरीवर, बंधाऱ्यावर एकट्याने कधीच पाठवू नका. सोबत चांगलं पोहता येणारं मोठं माणूस हवंच.

पंधरा-सोळाव्या वर्षी मुलांना जिमचं वेड लागतं. व्यायाम करू द्या, पण झटपट शरीर कमावण्याच्या पावडरी, गोळ्या, इंजेक्शनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. अंडी, डाळ, शेंगदाणे, दूध घरात आहेच.

आधी हे तपासा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) आपल्या देशात १५ ते १९ वयाच्या दर १०० मुलींपैकी ५९ मुलींना रक्तक्षय आढळला. रक्त कमी असलेली मुलगी दोन फेऱ्यांत दमते, मग आपण तिला आळशी म्हणतो. म्हणून आधी तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. शाळेतून आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती खरंच खाते का, ते विचारा. गोळी जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये. वर्षातून दोनदा मिळणारी जंताची गोळीही चुकवू नका.

खेळताना छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, दम अजिबात न बसणं असं काही झालं तर खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवा. सिकलसेल असलेल्या मुलांनी मध्ये मध्ये पाणी प्यावं, थांबून विश्रांती घ्यावी, कडक उन्हात आणि जास्त थंडीत खेळू नये. त्यांना किती खेळायचं ते आरोग्य केंद्रात विचारून घ्या.

बैठकीत चर्चा करा

१. आपल्या गटातल्या घरांत ११ ते १८ वयाच्या मुली किती? त्यातल्या किती आठवड्यातून तीन दिवस तरी खेळतात?
२. ज्या खेळत नाहीत त्यांना काय कमी पडतं: वेळ, जागा की सोबत? (मुलींनाच विचारून या.)
३. मुलगी खेळायला गेली तर तिचं घरातलं काम कोण करेल?
४. मैदानावर बसण्याची पाळी कशी लावायची?

पुढच्या महिन्याचं काम

पहिला आठवडा: मुलींची यादी करा, त्यांना काय खेळायचंय ते विचारा.
दुसरा आठवडा: शाळेला अर्ज द्या, वेळ ठरवा, ठराव इतिवृत्तात लिहा.
तिसरा आठवडा: आठवड्यातले तीनच दिवस, तीस-तीस मिनिटांनी सुरुवात करा. पहिल्याच दिवशी तासभर दमवलं तर दुसऱ्या दिवशी कुणी येणार नाही.
चौथा आठवडा: किती मुली आल्या, कोण यायची थांबली, का थांबली, ते बैठकीत सांगा.

हजेरी कमी झाली तर मुलींना बोल लावू नका. घरातला वेळ कमी पडला की जागेची भीती वाटली, ते शोधा. दहा रुपयांपासून सुरू केलेली बचत आपण अशीच टिकवली: चुकलेल्या हप्त्याचं कारण विचारून, पुढच्या महिन्याचा हप्ता भरून. आता तीच शिस्त लेकींच्या खेळाला लावूया. पुढच्या मासिक बैठकीत प्रत्येक गटाने किती मुली मैदानात उतरल्या, तो आकडा बचतीच्या आकड्याबरोबरच ग्रामसंघाला कळवावा.